पांढऱ्या सदाफुलीची तीन पानं

"आज नऊ गेली," वाफ्यावरून मान वर न करता मी म्हणालो. "तुम्हाला तीन सांगितलीत."

कुंपणापलीकडे चौगुले अण्णा तोंड वेडंवाकडं करत उभे होते. सदाफुलीचं पान चावलं की पहिलं अर्धं मिनिट माणसाचा चेहरा त्याच्या ताब्यात राहत नाही. त्यांनी ते गिळेपर्यंत मी थांबलो.

"तीन सकाळची, तीन दुपारची, तीन संध्याकाळची," अण्णा म्हणाले. "पाळ्या लावल्यात. हजेरी तू घे, पाळ्यांचं मी बघतो."

"आणि उतरली किती?"

अण्णांनी मागे वळून स्वतःच्या दाराकडे बघितलं. हौसावहिनी आत होत्या. मग त्यांनी छातीजवळ धरून चार बोटं दाखवली. मागच्या आठवड्यात पाच होती. त्याच्या आधी साडेसहा.

ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतली. आमच्या साखर कारखान्याचा हंगाम संपायला तीनेक आठवडे राहिले होते. मी तिथे टाइमकीपर होतो. फाटकाशेजारच्या ऑफिसात बसायचं, पाळीवर येणाऱ्या माणसाला त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, जाताना परत घ्यायचा आणि मस्टरवर खूण करायची. आठशे माणसं. कोण सासुरवाडीहून येतो म्हणून सोमवारी उशीर करतो, कोणाची आई वर्षातून तीनदा मरते, हे मला साहेबांच्या आधी ठाऊक असायचं. अशा कामानं माणसाला एक खोड लागते. बाजारात गेलं तरी तो मनातल्या मनात हजेरी घेत फिरतो.

वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरपुढे दहा बाय बाराची जागा होती आणि तिच्यात सदाफुली. गुलाबी आमच्या आधीच्या बिऱ्हाडाची, पांढरी मी आणलेली. कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं की पांढऱ्या सदाफुलीचा पाला साखरेच्या आजारावर चालतो. गंमत म्हणून वर्कशॉपमधल्या एका फिटरला सांगितलं. त्यानं खाल्ला आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यातला आकडा कमी आला म्हणून पेढे घेऊन आला. पेढे, तेही साखरेच्या आजाराचे. त्या पंधरा दिवसांत तो सासऱ्याच्या आजारपणात रोज चार मैल चालत होता, हे मस्टर लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण पेढे माझ्या हातात होते.

मग माणसं येऊ लागली. औषध म्हटलं की लोकांना नियम लागतात, ते मीच केले. उपाशीपोटी खायचं. पान पांढऱ्या फुलाचंच. पानं तीनच, कारण दोन कमी वाटत होती आणि चार जास्त. तोडताना माझ्याशी बोलायचं नाही, हा नियम सकाळी मला दाढी करायला वेळ मिळावा म्हणून होता. पण लोक तो सगळ्यात निष्ठेनं पाळत. ज्या कारखान्यात मला कुणी "ए टायमकीपर" यापलीकडे हाक मारत नसे, तिथे खातेप्रमुख माझ्या फाटकाशी चपला काढून मुक्यानं उभे राहू लागले. हे कुणालाही आवडेल. मला जरा जास्तच आवडलं.

या सगळ्यांत अण्णा वेगळे. आनंदा चौगुले म्हणजे आमच्या कारखान्याचा पॅनमन. ज्यांनी साखर कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: उसाचा रस आटवून शेवटी पॅन नावाच्या दोन मजली बंद भांड्यात त्याचा पाक शिजवतात. त्यात साखरेचा दाणा कधी धरायचा आणि पाक कधी सोडायचा, हे पॅनमन ठरवतो. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचा, आणि सांगायचं, धरला. डिग्रीवाले केमिस्ट त्या शब्दाची वाट बघत उभे असत. अण्णा पॅनपाशी चपला काढून काम करत. पाकाला नीट उकळी आली की खालचा लोखंडी पत्रा थरथरतो, आणि ती थरथर तळव्याला कळते, असं ते म्हणत. देवळातल्यासारखा त्यांचा चपलांचा जोड जिन्याखाली असे.

त्यांना साखर निघाली ती दिवाळीत. कारखान्याबाहेरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर महिन्याला तपासायला सांगितलं, अनवाणी चालू नका म्हणाले. अण्णांनी घरी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे कारखान्यात कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. त्यांच्या आधीच्या पॅनमनला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तेव्हा त्याला गोदामात पोती मोजायला बसवलं होतं आणि तो दोन वर्षांत म्हातारा झाला होता. अण्णा म्हणाले, पोती मोजण्यापेक्षा मी उसाच्या गाडीखाली जाईन. संक्रांतीपर्यंत गोळ्या खाल्ल्या. मग माझी पानं सुरू केली आणि गोळ्या बंद. वहिनींना वाटत होतं की दोन्ही चालू आहे.

बंद कशावरून केल्या, तर बोटांवर दाखवलेल्या त्या आकड्यांवरून. साखर कारखान्यात ब्रिक्सचा काटा म्हणून एक काचेची नळी असते, बुडाशी जड. रसात सोडली की ती तरंगते. रस जितका गोड, तितकी वर येते. उसाचा रस सतरा-अठरा दाखवतो. तीस वर्षं ज्या माणसानं त्या काट्यावर विश्वास ठेवून पाक सोडला, त्यानं दवाखान्याच्या कागदावर काय म्हणून विश्वास ठेवावा? अण्णांनी लॅबमधला एक जुना काटा मागून आणला आणि आठवड्यातून एकदा, संडासाला कडी लावून, स्वतःची साखर स्वतः मोजली. साडेसहा, पाच, चार. आकडा मला येऊन सांगत आणि मी तो मस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं टिपून ठेवी. माझ्या पानांचा तो एकमेव लेखी पुरावा होता.

त्या आठवड्यात मी विशेष खुशीत होतो. एमडीसाहेबांच्या बाईंनी निरोप पाठवला होता की गेस्ट हाऊसपुढे पांढऱ्या सदाफुलीचा वाफा करायचा आहे, हेरवाडकरांना रोपं घेऊन शुक्रवारी बोलवा. म्हणजे मला, आडनावानं.

मंगळवारी दुपारी हजेरीच्या कामासाठी लॅबमध्ये गेलो. रुकडीकर बाई नव्या केमिस्ट होत्या, वयानं लहान आणि हसऱ्या. मला राहवलं नाही. नाव न घेता मी सांगितलं की आपल्याकडे एक जण असा आहे जो ब्रिक्सच्या काट्यानं स्वतःची लघवी तपासतो, आणि गडी साडेसहावरून चारवर आलाय.

बाई आधी टेबलाला धरून हसल्या. मग हसणं मध्येच थांबलं.

"तहान लागते का त्यांना?"

"भरपूर. तांब्याच घेऊन बसतात."

"हेरवाडकर, काटा काय दाखवतो? पाण्यात जे काही विरघळलंय ते. मीठ टाका, तरी वर येईल. वर पाणी ओता, खाली जाईल." त्यांनी हातातली नळी स्टँडला लावली. "ते पाणी मोजतायत. तहान वाढली म्हणून आकडा उतरतोय. गोळ्या घेतात ना?"

मी म्हटलं, घेत असतील.

"चौगुले अण्णा ना? जुना काटा त्यांनीच नेलाय." मी हातातल्या हजेरीच्या कागदाची घडी घातली. "आजच सांगा त्यांना," बाई म्हणाल्या. "आजच्या आज."

आज म्हणजे मंगळवार. संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. अण्णा पायात लोकरी मोजे घालून कट्ट्यावर बसले होते, शेजारी तांब्या. या वर्षी उसाला साखरेचा उतारा चांगला पडलाय, शेवटचे अठरा दिवस तब्येत साथ देऊ दे, असं काहीतरी बोलत होते. आणि एकदम म्हणाले, पोरा, तुझ्या पानांनी मला पॅनवर ठेवलं. मी म्हणालो, पाणी फार पिता तुम्ही. ते म्हणाले, उष्णता. मी घरी आलो.

बुधवारी मी सहा वाजताच उठून वाफ्याशी गेलो, अण्णा यायच्या आधी परतलो. मस्टरवर दोन खुणा चुकल्या, खाडाखोड करावी लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा. गुरुवारी कुंपणावरून त्यांना म्हणालो की पानं जरा कमी करा, आणि एकदा डॉक्टरांनाही दाखवून या. हे "दाखवून या" मी इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की त्यांनी ते ऐकलं नसतं तर त्यांचा दोष नव्हता. जेवताना नलिनी, माझी बायको, म्हणाली, "ताटात बघा की. कुणाचं काय चुकलंय एवढं?" मी म्हटलं, कुणाचं नाही.

हिशेब मी मनात मांडून ठेवला होता, आणि तो मला पटतही होता. शुक्रवारी गेस्ट हाऊसचं काम होऊ दे. शनिवारी सांगू. चार दिवसांनी काय फरक पडतो? आदल्या दिवशी औषध खोटं म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांपुढे तेच लावायचं, हे बरं दिसलं नसतं. शुक्रवारी मी जीपमधून तीस रोपं नेली. बाईसाहेबांनी चहा दिला, विचारलं, गुण येतो का हो खरंच? मी म्हणालो, आमचे पॅनमन आहेत, त्यांना विचारा. नाव मीच घेतलं. जे नाव लपवायची शपथ होती ते.

परतताना जीपमध्ये मला एका जागी बसवेना. ड्रायव्हर म्हणाला, मुंग्या चावतायत काय?

शनिवारी अण्णांची सकाळी आठची पाळी होती. पावणेआठला ते ऑफिसात आले. आमच्या ऑफिसला शहाबादी फरशी होती, रात्रपाळीच्या शिपायानं नुकतीच पुसलेली. अण्णा दारातून खिडकीपर्यंत बोलत आले. पुढच्या महिन्यात लेकीला बघायला पाहुणे यायचे होते आणि त्या स्थळाच्या मुलाच्या कानातल्या केसांवरून त्यांचं काहीतरी चाललं होतं. मी हसत बिल्ला काढायला हात घातला आणि माझी नजर फरशीवर गेली.

दारापासून खिडकीपर्यंत पाच डाग होते. ओले, रुपयाएवढे. पाचही डाव्या पावलाचे.

"अण्णा, पाय वर करा."

"कशाला? नाल ठोकतोस काय?"

"डावा. करा वर."

त्यांनी खिडकीच्या चौकटीला धरून पाय उचलला. चपलेला मोजा चिकटला होता आणि मोज्यातून रक्तापेक्षा वाईट काहीतरी गळत होतं. वास मला तोवर आला नव्हता, आता आला. अण्णा खाली वाकून फरशीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. दुसऱ्याच्या घरी चूक झाल्यावर माणूस बघतो तसं ते बघत होते.

"हे कुणाचं?" ते म्हणाले.

मी एकशेचौदा नंबरचा बिल्ला मुठीत धरला.

"दे इकडं. पॅन अर्धा भरलाय, रात्रपाळीवाला खोळंबलाय."

"आज तुमची हजेरी लागत नाही."

"हेरवाडकर, चेष्टा नको."

"दवाखान्यात चला."

"फडकं बांधतो. बारा वाजता जाऊन येतो. पाक सोडून येतो नि जातो, ऐक की." त्यांनी खिडकीतून हात आत घातला, माझ्या मुठीवर. हात गरम होता, तापासारखा. मागे पंधरा-वीस माणसं जमली होती आणि चुळबुळ करत होती. "दवाखान्यात गेलो की कागद साहेबाकडं जाणार. तुला माहीत हाय ते. साखर उतरलीय माझी. आकडा तूच लिहिलायस."

मग मी सांगितलं. सगळ्यांदेखत. काटा पाणी दाखवतो, अण्णा. साखर उतरलेली नाही. पानांनी काही झालेलं नाही. पानांचे नियम मी बसल्या बसल्या केलेत.

मागची माणसं पुढे सरकली. त्यांतले चार जण माझी पानं खाणारे होते.

"तुला कधी कळलं हे?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "आज. आत्ता सकाळी, लॅबमध्ये कळलं."

अण्णांनी माझ्या मुठीवरचा हात काढला. "चल," म्हणाले.

आमच्या दवाखान्यातून त्यांना तसंच मिरजेला नेलं. पायाच्या आत, अंगठ्याच्या मुळाशी, लोखंडाचा नखाएवढा कीस निघाला. पॅनपाशी अनवाणी चालताना घुसलेला, आणि त्यांना कळला नव्हता. पाय वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन हौसावहिनींना म्हणाले, "जखम चार-पाच दिवसांची आहे. बुधवारपर्यंत आला असतात तर बोटं राहिली असती. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय गुडघ्यापासून गेला असता."

वहिनी माझ्याकडे वळल्या. मी भिंतीकडे सरकलो. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्हाला कळलं त्याच दिवशी आणलंत, भावजी. घरच्या माणसाला जमलं नाही ते केलंत."

पुढची अकरा वर्षं हे असंच चाललं. अण्णांना पॅनवरून काढलं नाही. जाड बूट घालून, गोळ्या खाऊन त्यांनी आणखी चार हंगाम केले. गेस्ट हाऊसच्या वाफ्यात माळ्यानं पुढे झेंडू लावला. माझ्या फाटकाशी कुणी येईनासं झालं, आणि एक-दोन जण भेटले की तीन बोटं दाखवून हसत, ते मला पचलं. पचत नव्हतं ते अण्णांचं. लेकीच्या लग्नात, निवृत्तीच्या सत्कारात, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते सांगत: हा हेरवाडकर, याला सकाळी कळलं आणि आठ वाजता यानं माझी हजेरी अडवली. म्हणून हा पाय आहे. दर वेळी मी खाली बघे, आणि लोकांना तो विनय वाटे.

दोन हजार साली मी त्यांच्या गावी गेलो. ठरवून गेलो होतो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, वहिनी आत चहा टाकत होत्या. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मी म्हणालो, "अण्णा, मला त्या शनिवारी कळलं नव्हतं. मंगळवारी कळलं होतं. चार दिवस मी गप्प बसलो."

अण्णांनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"मंगळवारीच. ठाऊक हाय."

"कसं?"

"रुकडीकरबाई बुधवारी पॅनवर आल्या होत्या. म्हणाल्या, काटा पाणी दाखवतो, साखर नव्हे, हे काल हेरवाडकरांना सांगितलंय, त्यांनी सांगितलं का तुम्हाला? मी म्हटलं, सांगितलं."

कोंबड्यांनी अंगणात काहीतरी उकरायला घेतलं होतं. मला उठून चालावंसं वाटत होतं, पण कुठे जाणार.

"मग तुम्ही का नाही गेलात दवाखान्यात?"

"पॅन चालू होता की," अण्णा म्हणाले. "आणि तळव्याला पत्रा कळायचा बंद झाला होता रे, संक्रांतीपासनंच. अंदाजानं सोडत होतो पाक. दवाखान्यात गेलो असतो तर ते पहिलं निघालं असतं." मग म्हणाले, "फाटकावर तुला विचारलं ना, कधी कळलं म्हणून? बघत होतो, तू काय सांगतोस ते. तू म्हणालास, आज. मला बरं वाटलं."

"बरं?"

"तू मंगळवार म्हणाला असतास, तर बाईंचं नाव निघालं असतं. बाईंचं निघालं की माझा बुधवार निघाला असता. हौसानं डॉक्टरचं ऐकलंय, बुधवारी आला असता तर बोटं राहिली असती. बोटं गेली त्याचं तिला काही नाही. पण साखर उतरली नाही हे माहीत असून मी मोजा चढवून तिच्या पुढ्यात जेवायला बसलो, लेकीचं लग्न ठरायचं असताना, हे तिला..." त्यांनी मागे दाराकडे बघितलं. "म्हणून सांगत फिरतो मी. जितका सांगतो तितकं ते पक्कं होतं."

अकरा वर्षं मी ज्याच्यापुढे मान खाली घालत होतो ते कौतुक माझं नव्हतंच. आमची दोघांची एकच खोटी हजेरी होती आणि ती ते दर वर्षी नव्यानं लावत होते.

हौसावहिनी चहा घेऊन आल्या. अण्णांचा बिनसाखरेचा कप त्यांनी आधी त्यांच्या हातात दिला, मग माझा. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "काय चाललंय एवढं?"

"तेच आपलं," अण्णा म्हणाले. "म्हटलं, त्या दिवशी याला कळलं नसतं तर पाय गुडघ्यातनं गेला असता."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मिरजेच्या त्या भिंतीशी बघितलं होतं तसंच.

"त्याच दिवशी कळलं म्हणून," त्या म्हणाल्या. "नाही का भावजी?"

अण्णा कपातून वाफ फुंकत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"हो वहिनी," मी म्हणालो. "त्याच दिवशी."